बारा सागरी मैलांच्या आतले ठिपके

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात आणखी एका योजनेचा प्रारंभ झाला होता, पण बंदराच्या बाजूने आणि विरोधात उठलेल्या गदारोळात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. देशातील १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवायचे, अशी ती योजना आहे. खर्च ३६४ कोटी रुपये, तंत्रज्ञान इस्रोचे आणि नौकामालकाला यंत्र मोफत. त्यानंतर मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत, जेट्यांवर आणि व्हॉट्सॲप गटांत या यंत्राविषयी बरेच बोलले गेले. त्यातले बहुतेक बोलणे एकतर ‘आता चोरटी मासेमारी संपलीच’ या उत्साहाचे असते, नाहीतर ‘आता सरकार आमच्या मानेवर बसणार’ या धास्तीचे. मला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. नौका कुठे आहे हे कळणे आणि मासेमारीचे व्यवस्थापन होणे यांच्यामध्ये बरेच अंतर आहे, आणि ते अंतर उपग्रहाने नव्हे, नियमांच्या मसुद्याने आणि कचेरीतल्या कामाने कापावे लागते. या लेखात त्या अंतराचाच विचार करायचा आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण यंत्र कशासाठी आले यावर ते पुढे कसे वापरले जाते हे बरेचसे ठरते. आपल्याकडे मासेमारी नौकांवर नजर ठेवण्याची निकड निर्माण झाली ती मासळीसाठी नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतून आले, तिच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, आणि खलाशांना मारून आले, आणि हजारो नौकांच्या गर्दीत एका नौकेचे वेगळेपण कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यानंतर नौकांची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, राज्यवार रंग ठरले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली आणि २० मीटरपेक्षा लांब नौकांवर एआयएस हे ओळखयंत्र सक्तीचे झाले. २०१४ मध्ये गुरुग्राम येथे या साऱ्या माहितीचे केंद्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केले होते. अडचण अशी की कोकणातल्या आणि एकूणच देशातल्या बहुसंख्य मासेमारी नौका २० मीटरपेक्षा लहान आहेत. त्यामुळे सक्ती ज्यांच्यावर होती ते थोडे राहिले आणि समुद्रावर ज्यांची गर्दी असते ते बाहेरच राहिले.

दुसरा धक्का २०१७ च्या ओखी वादळाचा. ३० नोव्हेंबरच्या सुमारास ते कन्याकुमारी आणि दक्षिण केरळात इतक्या झपाट्याने वाढले की आधीच खोल समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत इशारा पोहोचवण्याचे साधनच उरले नाही. मोबाइलचा टप्पा किनाऱ्यापासून काही मैलांत संपतो, वायरलेस सेटचा त्याहून थोडा पुढे. अनेक जण परतलेच नाहीत. केरळ-तमिळनाडूच्या साठहून अधिक नौका वाऱ्याबरोबर वर सरकत देवगड बंदरात आसऱ्याला आल्या, तेव्हा त्यांच्या घरच्यांना ते जिवंत आहेत हेही ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे यंत्र आले. त्यावर वादळाचा इशारा येत असे, पण नौकेवरून उत्तर देता येत नसे. आताच्या ट्रान्सपॉन्डरचे खरे नावीन्य इथे आहे: मोबाइलशी ब्लूटूथने जोडून त्यावरून दोन्ही बाजूंनी लेखी संदेश जातो, संकटाचे बटण आहे आणि हे सगळे २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात चालणे अपेक्षित आहे. सागरी सीमेजवळ पोहोचल्यावर सावध करण्याची सोयही त्यात आहे. गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जाणारे डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकून पडतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या एका सोयीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

म्हणजे पहिले कारण सुरक्षा आणि दुसरे जीवरक्षण. मत्स्यव्यवस्थापन हे तिसरे कारण सरकारी टिपणांत असते, पण ते बहुधा शेवटच्या ओळीत. मला त्या शेवटच्या ओळीत अधिक रस आहे, कारण संकटाचे बटण एखाद्या तांडेलाला आयुष्यात एकदा दाबावे लागेल किंवा लागणारही नाही; उलट कोणती नौका कोणत्या दिवशी कुठे जाळे ओढत होती, ही नोंद रोज, दर तासाला तयार होत राहणार आहे.

ही नोंद दिसते कशी, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. ट्रॉलरचा, म्हणजे मागे जाळे ओढत नेणाऱ्या नौकेचा, एका फेरीचा माग नकाशावर काढला की पहिली रेषा बंदरातून सरळ बाहेर जाते. ठिपके एकमेकांपासून दूर असतात, कारण नौका आठ-नऊ नॉटने, म्हणजे तासाला आठ-नऊ सागरी मैलांनी, धावत असते. मग एका ठिकाणी ठिपके एकदम जवळ येतात. वेग तीन-साडेतीन नॉटवर उतरलेला असतो, म्हणजे जाळे पाण्यात पडलेले असते. आता रेषा किनाऱ्याला साधारण समांतर धावू लागते, कारण ट्रॉलर एकाच खोलीच्या पट्ट्यात जाळे ओढत राहतो. दोन-तीन तासांनी ठिपके जवळजवळ थांबतात, जाळे वर आलेले असते. पुन्हा वळण, पुन्हा तोच पट्टा उलट्या दिशेने. थव्याभोवती जाळ्याचा फेरा टाकून ते बटव्यासारखे आवळणाऱ्या पर्ससीन नौकेचा माग अगदी निराळा: बराच वेळ इकडेतिकडे शोधाशोध, मग अचानक एक घट्ट फेरा आणि नंतर त्याच जागी दीर्घ थांबा. वावरी किंवा गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे जाळे, लावणारी नौका जाळे सोडताना सावकाश सरळ जाते, रात्रभर वाहत राहते आणि पहाटे त्याच रेषेवरून परतते. अनुभवी डोळ्याला हे माग पाहून नौकेचा धंदा ओळखता येतो, आणि संगणकालाही ते शिकवता येते. ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या २०१६ मध्ये खुल्या झालेल्या नकाशाने नेमके हेच केले. एआयएसच्या संदेशांवरून सत्तर हजारांहून अधिक मोठ्या मासेमारी नौकांच्या हालचाली तपासून, औद्योगिक मासेमारी जगातल्या निम्म्याहून अधिक समुद्रावर पसरली आहे, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये मांडला.

पण हा नकाशा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणून ठेवला की पहिली अडचण उभी राहते ती वेळेच्या अंतराची. समजा ट्रान्सपॉन्डर तासाला एकदा आपली जागा कळवतो. नऊ नॉटने धावणारी नौका अर्ध्या तासात साडेचार मैल आत येते. राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. एक ठिपका त्या रेषेबाहेर, पुढचाही बाहेर, आणि मधल्या तासात ती आत येऊन परत गेली तर नकाशा निरपराध दिसतो. ट्रॉलरला एवढ्या वेळात काही साधता येत नाही, कारण त्याला जाळे तासन्‌तास ओढावे लागते. पण तरंगत्या थव्यावर फेरा टाकणाऱ्या नौकेला थोडा वेळही खूप असतो. युरोपीय संघाच्या नियमांत दोन तासांतून किमान एकदा जागा कळवण्याची अट होती. तिथल्या मोठ्या नौकांना आणि रुंद क्षेत्रांना ती पुरत असेल. आपल्या अरुंद किनारपट्ट्याला पुरणार नाही. सरकारने किती नौकांवर यंत्रे बसवली हा आकडा वारंवार छापला जातो. ती किती मिनिटांनी बोलतात, हा आकडा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली ट्रॉलरना किनाऱ्यालगत मनाई आहे, पण ती अनेक ठिकाणी अंतरात मोजलेली नसून खोलीत मोजलेली आहे: काही पट्ट्यांत पाच वाव, काही पट्ट्यांत दहा वाव. हा नियम करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मासळी अंतर पाहून राहत नाही, खोली पाहून राहते, आणि तांडेलही खोलीतच विचार करतो. पण उपग्रह अक्षांश-रेखांश सांगतो. ते खोलीत रूपांतरित करायचे तर मध्ये एक नकाशा लागतो, आणि तिथून वाद सुरू होतात. दहा वाव म्हणजे सुमारे १८ मीटर. पालघर-डहाणूच्या बाजूला समुद्र इतका उथळ आहे की ही रेषा किनाऱ्यापासून बरीच लांब जाते. रत्नागिरीच्या खाली ती तुलनेने जवळ येते. शिवाय खोली कोणत्या वेळची? मुंबईच्या परिसरात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. पाच वाव म्हणजे नऊ मीटर. त्यात चार मीटरांची ओढाताण असेल तर एकाच जागेवर सकाळी मनाई आणि दुपारी मुभा असा अर्थ निघू शकतो. नौकेवरच्या फिशफाइंडरवर, म्हणजे खोली आणि मासळी दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसलेला आकडा तांडेल दाखवणार आणि अधिकारी नौकानयनाच्या नकाशातला आकडा दाखवणार. सुनावणीत हा मुद्दा पहिल्याच दिवशी उपस्थित होईल, आणि वकील हुशार असेल तर तिथेच प्रकरण संपेल. यावर उपाय साधा आहे, पण तो आधी करावा लागेल: प्रत्येक जिल्ह्यासाठी मनाईची रेषा अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनी राजपत्रात प्रसिद्ध करायची आणि तीच रेषा प्रत्येक नौकेच्या मोबाइलवर उमटवायची. रेषा आखताना तांडेलांना बसवून घेतले तर ती टिकेल. कचेरीत आखली तर पहिल्या हंगामातच मोडेल.

याच नियमांत सायंकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत ट्रॉलिंगला असलेली मनाईही आहे. ती मात्र ट्रान्सपॉन्डरसाठी सोपी, कारण घड्याळाला भरती-ओहोटी नसते. रात्री दोन वाजता तीन नॉटने किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या ट्रॉलरला स्पष्टीकरण देणे कठीण आहे.

पर्ससीनचा प्रश्न कोकणात सर्वांत जास्त तापलेला, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली, तीही ठरावीक क्षेत्रात. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही मालवणपासून हर्णैपर्यंत किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या कोणत्याही रापणकाराला विचारा, रात्री समुद्रावर उजेडाचा बाजार भरतो, असे तो सांगेल. ट्रान्सपॉन्डर नौकेच्या जागेपलीकडे काही सांगत नाही. दिवा लागला आहे की नाही, जाळे कोणते आहे, हे त्याला ठाऊक नसते. इथे दुसऱ्या प्रकारचा उपग्रह उपयोगी पडतो. अमेरिकेच्या ‘सुओमी एनपीपी’ या उपग्रहावरचा रात्रीचा प्रकाश टिपणारा संवेदक रोज मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि समुद्रावरचे प्रखर दिवे ठिपक्यांच्या रूपात नोंदवतो. ती माहिती कोणालाही पाहता येते. जनित्रावर चालणारा एलईडीचा झोत त्यात दिसू शकतो. डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या, होडीवरचा साधा दिवा त्यात येण्याइतका तेजस्वी नसतो. मर्यादाही आहेत. ढग असले की काही दिसत नाही, पौर्णिमेच्या आसपास चांदण्याने चित्र बिघडते, आणि ठिपक्याला नाव नसते, तो सुमारे पाऊण किलोमीटरचा चौकोन असतो. पण नाव नसलेला दिव्याचा ठिपका आणि नाव असलेला ट्रान्सपॉन्डरचा माग एकमेकांवर ठेवले की दोन गोष्टी कळतात. काही दिव्यांना नाव सापडते. आणि काही दिव्यांच्या जागी ट्रान्सपॉन्डरचा एकही ठिपका नसतो, म्हणजे तिथे अशी नौका आहे जिने यंत्र बसवलेले नाही किंवा बंद ठेवले आहे.

ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची. उत्तर कोरियाच्या समुद्रात २०१७ मध्ये नऊशेहून अधिक चिनी नौका माकूल (स्क्विड) पकडत होत्या, हे २०२० मध्ये उघड झाले ते असेच, म्हणजे एआयएस, रडार उपग्रह, रात्रीचे दिवे आणि छायाचित्रे एकमेकांवर ठेवून. एकट्या एआयएसवर त्यातल्या बहुतेक नौका अस्तित्वातच नव्हत्या. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या औद्योगिक मासेमारी नौकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नौका खुल्या माग-प्रणालींत दिसतच नाहीत. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक जण यंत्र चालूच ठेवेल, असे मानून योजना आखणे भाबडेपणाचे होईल. यंत्र नौकेच्या बॅटरीवर चालते. वायर सुटणे, खाऱ्या वाऱ्याने जोड गंजणे, बॅटरी उतरणे या रोजच्या गोष्टी आहेत, आणि मुद्दाम वायर काढणे ही तितकीच सोपी गोष्ट आहे. दोन्हींचा नकाशावरचा परिणाम सारखाच: ठिपके थांबतात.

म्हणून माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेचा कणा एका नियमात आहे: ठिपके थांबले तर काय मानायचे? आज बहुतेकांच्या बोलण्यात ‘यंत्र बिघडले होते’ हे पुरेसे उत्तर समजले जाते. ते तसेच राहिले तर प्रामाणिक नौकेची नोंद होत राहील आणि अप्रामाणिक नौका मोकळी राहील, यासारखा उलटा न्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीन प्रकरणात जो अंतरिम आदेश दिला, त्यात या प्रश्नाची उत्तम वाट दिसते. बारा मैलांबाहेर, आठवड्यातून सोमवार व गुरुवार असे दोनच दिवस, सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत मासेमारीस मुभा मिळाली, आणि मान्यताप्राप्त माग-यंत्र बसवून ते मासेमारीच्या वेळी चालू ठेवणे ही त्या मुभेचीच अट केली गेली. या रचनेत यंत्र हे परवान्याचा भाग ठरते. ते बंद असेल तर त्या वेळी मासेमारीचा परवानाच नव्हता, असा अर्थ लावता येतो, आणि बंद असताना नौका आत होती की बाहेर, हे सिद्ध करण्याचे ओझे खात्यावर पडत नाही. खऱ्या बिघाडासाठी वाट ठेवावी: मोबाइलवरून किंवा वायरलेसवर तत्काळ कळवायचे, जवळच्या बंदरात परतायचे आणि दुरुस्तीची नोंद घेऊनच पुन्हा निघायचे. पण दुरुस्ती करणारा माणूस बंदरात हवा. यंत्र मोफत देणाऱ्या योजनेत दोन पावसाळ्यांनंतर अँटेना बदलून कोण देणार, हे लिहिलेले नसेल तर सक्तीला नैतिक आधार राहत नाही.

राज्याच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली. पूर्वी ही प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत, आता मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्त निर्णय देतात, आणि दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आहेत. दंड वाढला की पुरावाही तितकाच भक्कम लागतो. ट्रान्सपॉन्डरची नोंद कोणाकडून, कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल. तिच्यात फेरफार झालेला नाही याचे प्रमाणपत्र कोण देईल. या गोष्टी ठरल्या नाहीत तर पुन्हा गस्ती नौकेवरच्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवरच सगळे येऊन ठेपेल. आणि गस्त तरी किती? ७२० किलोमीटरचा किनारा आणि बारा मैलांची रुंदी धरली तर सुमारे १६ हजार चौरस किलोमीटर पाणी होते. २०२५ पासून खात्याने ड्रोनही उडवायला सुरुवात केली आहे. ड्रोनचा पल्ला मर्यादित, पण त्याला नौकेवरचे जाळे आणि रंगवलेला क्रमांक दिसतो. माग पाहून कुठे जायचे ते ठरवायचे आणि ड्रोन किंवा गस्ती नौका तिथेच पाठवायची, असे झाले तर या दोन खर्चांना एकत्र अर्थ येईल.

आता शेजाऱ्यांकडे वळावे लागेल. सिंधुदुर्गात ज्यांच्याविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी होतात ते कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर. उत्तरेकडे गुजरातच्या नौकांविषयी तेच ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर आपल्याही नौका इतरांच्या हद्दीत जात नाहीत असे नाही. या नौकांची नोंदणी आणि परवाने दुसऱ्या राज्याचे. त्यांचा ठिपका मालवणसमोर पाच मैलांवर असेल तर तो सिंधुदुर्गातल्या अधिकाऱ्याला त्याच क्षणी, नावासह दिसला पाहिजे. प्रत्येक राज्याने केवळ आपापल्या नौकांचा पडदा पाहायचा, अशी रचना झाली तर ज्या तंट्यासाठी लोक एवढी वर्षे रस्त्यावर उतरले त्या तंट्याच्या जागीच नकाशा कोरा राहील. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यात यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेशपरवाना आहे आणि एलईडी, जोडीने ओढायचे ट्रॉल यांना मनाई आहे. बारा मैलांबाहेरची पोकळी त्याने काहीशी भरेल, पण आतला पट्टा राज्याचाच आहे आणि तिथली भांडणे दोन राज्यांमधली आहेत.

या बाबतीत इंडोनेशियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. सुसी पुजियास्तुती या मूळच्या मासळीच्या व्यापारी; तिथल्या मत्स्यव्यवसाय मंत्री झाल्यावर त्यांनी परदेशी नौका पकडून बुडवल्या आणि २०१७ मध्ये आपल्या नौकांची सरकारी माग-नोंद जगासाठी खुली केली. परदेशी नौकांची मासेमारी नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि एकूण मासेमारीचा ताण किमान पाव हिश्श्याने उतरला, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. नौका बुडवण्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली, नोंद खुली करण्याची मात्र तितकी चर्चा झाली नाही. शिवाय तिथे शत्रू बाहेरचा होता. आपल्याकडे बारा मैलांच्या आत येणारा तांडेल आपल्याच भाषेत नाहीतर शेजारच्या भाषेत बोलतो, कधीकधी तो सोयरा निघतो, आणि त्याच्याविरुद्ध कारवाईचा कागद पुढे सरकवायला कोणत्याच राजकारण्याला उत्साह नसतो.

नोंद खुली करण्यावरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर ऐकलेले एक बोलणे सांगण्याजोगे आहे. एका वयस्क तांडेलाने केबिनच्या टपावरच्या यंत्राकडे बोट दाखवून शेजारच्या तरुणाला विचारले, “बाबू, माझी जागा सरकारला दिसली तर दिसू दे, पण ती आणखी कोणाकोणाला दिसणार ते सांग.” तरुणाजवळ उत्तर नव्हते. हा प्रश्न धास्तीतून आलेला नाही, धंद्यातून आलेला आहे. खडकाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्याला तांबोशी मासळी लागते, हे ज्ञान एका घरात दोन-तीन पिढ्या जपलेले असते, आणि जीपीएसमध्ये साठवलेल्या जागा मुलाखेरीज कोणाला दिल्या जात नाहीत. ती माहिती कचेरीतल्या एखाद्या संगणकावरून दुसऱ्या नाखव्याच्या, म्हणजे नौकामालकाच्या, मोबाइलवर गेली तर नुकसान भरून येणार नाही. मला वाटते, याला स्तर पाडूनच उत्तर देता येईल. नावासह तात्कालिक माग फक्त अंमलबजावणी करणाऱ्यांना आणि शोध-बचाव यंत्रणेला दिसावा, आणि कोणी कधी पाहिला याचीही नोंद राहावी. मालकाला स्वतःच्या नौकेचा पूर्ण माग मिळावा. लोकांसाठी मात्र काही आठवड्यांच्या विलंबाने, नावे गाळून, मोठ्या चौकोनांत एकत्र केलेला नकाशा असावा, ज्यात कोणत्या पट्ट्यात किती तास ट्रॉल ओढले गेले एवढे कळेल. त्यात कोणाची जागा उघडी पडत नाही आणि खाते काय करते आहे हे सोसायट्यांना तपासता येते.

हा लोकांसाठीचा नकाशा आणखी एका कारणाने लागतो. बंदरावर उतरलेल्या मासळीची मोजदाद आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक दशके नमुना पद्धतीने करते आहे. किती मासळी आली हे त्यातून कळते, ती कुठून आणि किती तासांच्या मेहनतीने आली याचा तपशील पुसट राहतो. पापलेटचे उदाहरण घ्या. राज्याने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केले, त्याच सुमारास ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले, आणि सातपाटीच्या सोसायट्या तर त्याच्या घटीविषयी कितीतरी आधीपासून बोलत आल्या आहेत. पण लहान पापलेट जाळ्यात येऊन मेल्यावर बंदरावर त्याची लांबी मोजण्यात फारसा अर्थ नसतो. ती कोणत्या पट्ट्यात, कोणत्या पंधरवड्यात सापडतात हे माग आणि मासळी जोडून कळले, तर संपूर्ण किनारा बंद ठेवण्याऐवजी तेवढाच पट्टा तेवढ्याच दिवसांसाठी सोडता येईल. त्याच वेळी एक विसंगतीही नोंदवली पाहिजे: याच ट्रान्सपॉन्डरवरून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे संभाव्य मासळीच्या पट्ट्यांचे अंदाजही नौकांपर्यंत जाणार आहेत. एकाच यंत्राने मासळी कुठे आहे ते सर्वांना सांगायचे आणि तिच्यावर किती जण तुटून पडले तेही मोजायचे. मोजणी मागे पडली आणि अंदाज तेवढे पुढे गेले, तर हे यंत्र मासेमारी आवरण्याऐवजी वाढवेल.

शेवटी ज्यांच्या नावाने हा सगळा खटाटोप चालतो त्यांच्याविषयी. रापण ओढणारे, डोल लावणारे, एकट्या-दुकट्याने पाग टाकणारे, लहान होडीतून खाडीच्या तोंडाशी जाणारे. त्यांच्यावर ट्रान्सपॉन्डर नसेल आणि रडार उपग्रहाला लाकडी किंवा फायबरची लहान होडी सहसा दिसतही नाही. मग नकाशावर किनाऱ्यालगतचा पट्टा रिकामा राहतो. वाढवणसारख्या प्रकल्पांच्या काळात रिकामा पट्टा ही निरुपद्रवी गोष्ट नाही. उद्या एखाद्या अहवालात उपग्रहाच्या नोंदीनुसार येथे मासेमारी आढळत नाही असे वाक्य आले, तर ते खोडून काढायला त्या गावाजवळ काय असेल? तिमोर-लेस्तेमध्ये लहान होड्यांवर सौरऊर्जेची छोटी माग-यंत्रे बसवली गेली आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदींशी ती जोडली गेली; त्यातून लहान मासेमारीचे असे चित्र तयार झाले की तिला मोजणीत धरणे भाग पडले. आपल्याकडे सक्ती न करता एखाद्या सोसायटीने स्वतःच्या काही होड्यांचा वर्षभराचा माग मोबाइलवर नोंदवून आपल्याच ताब्यात ठेवला, तरी नुकसानभरपाईच्या किंवा हरकतीच्या सुनावणीत तो उपयोगी पडेल. डोलीचे खुंट कुठे आहेत एवढे जरी अक्षांश-रेखांशांसह लिहून ग्रामसभेत मंजूर करून ठेवले, तरी सुरुवात होईल.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, आणि पुढच्या हंगामाच्या परवान्यांचे व डिझेल परताव्याचे कागद याच काळात सोसायट्यांमधून पुढे जातात. यंत्र चालू असणे ही परवान्याची अट करायची असेल, मनाईची रेषा बिंदूंनी आखायची असेल आणि बिघाड कळवण्याची रीत ठरवायची असेल, तर ते काम याच दोन महिन्यांत, सोसायटीच्या कचेरीत तांडेलांना समोर बसवून करण्याचे आहे. ऑगस्टमध्ये पहिल्या नौका बाहेर पडल्यावर, कोळंबीच्या हंगामाच्या ऐन गर्दीत, कोणालाही यासाठी वेळ नसतो.